आधी मादी, मग नर

आमच्या घरात भांडण झालं की आवाज वाढत नसे, उलट कमी होत असे. शेजारपाजारी भांडी आपटल्याचे, पोरांना धोपटल्याचे, मोठ्यानं रडल्याचे आवाज यायचे आणि तासाभरानं त्याच घरांतून हसण्याचेही यायचे. आमच्याकडं मात्र काही बिनसलं की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागे आणि आई भाकरी थापतानासुद्धा हात हलका ठेवी. आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या घराण्यात अबोला वारशानं आलेला होता. जमीन सगळ्यांना सारखी आली नाही, दागिने तर कुणालाच आले नाहीत, पण अबोला ज्याच्या त्याच्या वाट्याला बरोबर आला. आण्णांचे वडील आणि त्यांचा सख्खा भाऊ पोळ्याला बैलाच्या शिंगांना कोणता रंग लावायचा यावरून जे बोलायचे थांबले ते थांबलेच. दोघं एकाच ओसरीवर जेवायला बसायचे आणि मीठ हवं असलं तर समोरच्या खांबाला सांगायचे. ही गोष्ट आमच्याकडं पाहुण्यांना हसत हसत सांगितली जाई. मीही पुष्कळ वेळा सांगितली आहे. आता मला ती सांगवत नाही.

आम्ही नवीन जालन्यात स्टेशनच्या अंगाला राहत होतो. दोन खोल्या, मागं पत्र्याचं न्हाणीघर आणि एवढंसं अंगण. मालगाडीचे डबे जोडताना धाडकन आवाज व्हायचा, तो आमच्या कपबशांना आधी कळायचा आणि मग आम्हाला. सकाळी आई चुरमुरे भिजवून सुशीला करायची. दाण्याचं कूट, हिरवी मिरची, वरून लिंबू. तिच्या हातचं येसर, म्हणजे भाजून दळलेलं धान्य-मसाल्याचं पीठ, तर असं की नुसतं पाण्यात कालवून उकळलं तरी गल्लीत वास जायचा आणि कुणीतरी वाटी घेऊन दारात उभं राहायचं. आण्णा पाटावर बसले की आई त्यांना 'भाकरी वाढू का' असं कधी विचारत नसे. ताटाकडं बघून तिला कळायचं, आणि कळलं नाही तर ती चूक तिची. आण्णांना कुणी काही विचारलेलं चालत नसे. कुठं चाललात, कधी येणार, बरं वाटत नाही का, यातला एकही प्रश्न आमच्या घरात त्यांच्या तोंडावर उच्चारला गेल्याचं मला आठवत नाही. ते वाईट नव्हते. त्यांचा हात आमच्यावर कधी उठला नाही. प्रश्न विचारला की आपल्याला जाब विचारला असं त्यांना वाटायचं, एवढंच.

आण्णा बियाण्याच्या एका छोट्या कंपनीत टॅगचं काम बघायचे. जालन्याच्या बाहेरच्या माणसाला हे थोडं समजावून सांगावं लागतं. कपाशीचं संकरित बी तयार करायचं म्हणजे दोन वाणांचं लग्न लावायचं. एक वाण मादी, दुसरा नर. शेतात मादीच्या ओळी पुष्कळ, नराच्या थोड्या. दुपारी बाया मादीच्या कळ्यांमधले पुंकेसर काढून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल त्यावर फिरवतात. हंगामाच्या तोंडावर कंपनी शेतकऱ्याला दोन पिशव्या देते, मोठी मादीची आणि छोटी नराची. कुठल्या पिशवीत काय भरायचं हे त्या पिशवीच्या टॅगवर लिहिलेलं असतं. ते टॅग आण्णांच्या अक्षरात निघायचे. छापील टॅगवर नराची ओळ वर होती आणि मादीची खाली. शेठच्या वडिलांनी कधीकाळी तसं छापून घेतलं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं. लग्नपत्रिकेतही आमच्याकडं नवऱ्या मुलाचं नाव आधी येतं.

माझी थोरली बहीण शैला, आमची ताई, त्या काळी कापडाच्या एका दुकानाच्या माडीवर संगणकाचा क्लास करत होती. वर्गात मुली फार थोड्या. ती घरी येऊन आईला शिकवायची आणि आई भाजी निवडता निवडता ऐकायची. प्रोग्रामला हाक मारताना त्याच ओळीत काम कसं सांगायचं हे तिनं आईला शिकवलेलं मला अजून आठवतं. माझ्याकडं बोट दाखवून ती म्हणाली, "तू हिला कसं म्हणतीस? नंदे, दुकानातून गूळ आण, शेंगदाणे आण. तसंच. पयला शब्द त्याचं नाव. त्याच्या पुढचं जे जे हाय ते त्याला दिलेलं सामान. त्याला आर्ग्युमेंट म्हणतेत. आन किती शब्द आले ते त्याला मोजून मिळतंय, पण मोजताना त्यो सोताचं नाव बी धरतो." आई म्हणाली, "बरं करतो. मी भाकरी मोजताना सोताला इसरते." ताई इतकी हसली की निवडलेली मेथी सांडली.

कंपनीत शेठनी संगणक घेतला होता. त्यावर नईमभाई पत्रं टाईप करायचे. नईमभाई आण्णांच्या हाताखाली होते, घरी उर्दू बोलणारे, ऑफिसात मराठीत उर्दू मिसळून बोलणारे, आणि आण्णांवर त्यांचा फार जीव. टॅग हातानं लिहून आण्णांची बोटं आखडायची हे त्यांनीच शेठना सांगितलं. मग एक दिवस आण्णा जेवताना ताटाकडं बघत म्हणाले, "आमच्या शैलाला येतंय म्हणं तसलं काही." आम्ही तिघी एकमेकींकडं बघत राहिलो. आण्णांनी कुणाचं कौतुक केलं तर ते असं ताटातल्या आमटीला सांगून करायचे. दुसऱ्या दिवशी ते सायकल हातात धरून आणि ताई त्यांच्या शेजारून अशी दोघं चालत ऑफिसला गेली. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यानं विचारलं असेल, कारण आण्णा त्याला काही सांगत होते आणि बोट ताईकडं होतं. मी दारातून बघत होते. त्यांच्या दोघांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं चालणं होतं असं मला वाटतं.

ताईनं लिहिलेला पहिला प्रोग्राम प्रश्न विचारायचा. पडद्यावर यायचं, मादी कोणती? आण्णांनी टाईप करायचं. मग यायचं, नर कोणता? पुन्हा टाईप. मग प्लॉट नंबर. मग प्रिंटर करकर करत टॅग काढायचा. चार दिवसांनी आण्णा घरी येऊन खुंटीला टोपी अडकवत म्हणाले, "ते मशीन लई इचारतंय. कोर्टात उभं केल्यासारखं. हे कोण, ते कोण." ताईला जे कळायचं ते कळलं. तिनं प्रश्न काढून टाकले. आता एकाच ओळीत प्रोग्रामचं नाव, पुढं मादीचं नाव, पुढं नराचं, पुढं प्लॉट नंबर, असं सगळं एकदम सांगून टाकायचं आणि एंटर दाबायचं. आण्णांना हे फार पसंत पडलं. माणसानं हुकूम द्यावा आणि समोरच्यानं मुकाट्यानं करावं, ही त्यांच्या मनातली व्यवस्था होती. ताईनं त्यांना सांगितलं होतं, "आण्णा, आधी मादी, मंग नर. ध्यानात राहू द्या." ते म्हणाले, "बराबर." आणि त्या हंगामात सगळं बरोबर झालंही.

आजकालचे फोन प्रत्येक गोष्टीला नक्की ना, खात्री आहे ना, असं विचारतात. ताईचा मुलगा पुण्याला याच कामात आहे. त्याला मी एकदा म्हणाले की तुझ्या आजोबांनी असला फोन कुंडलिका नदीत टाकला असता. तो म्हणाला, मावशी, लोक चुकतात म्हणून विचारावं लागतं. त्याच्या आईनं विचारायचं बंद केलं ते माया म्हणून, हे त्याला कसं सांगणार?

पुढच्या हंगामापर्यंत मध्ये बरेच महिने गेले होते. आण्णा संगणकापुढं बसले, शेजारी नमुन्याला जुना छापील टॅग ठेवला आणि त्याच्याकडं बघत टाईप करत गेले. जुन्या टॅगवर नर वर होता. त्यांनी नर आधी दिला. प्रोग्रामला पहिला शब्द मिळाला तो त्यानं मादी म्हणून घेतला, दुसरा नर म्हणून, आणि काही न बोलता टॅग काढून दिले. वाणांची नावं म्हणजे नुसते अक्षर-आकडे, जे-चौदा काय आणि के-सात काय. त्यात बाई कोण आणि बुवा कोण हे त्या बिचाऱ्याला कळायचा काही मार्ग नव्हता. टॅगप्रमाणं पिशव्या भरल्या गेल्या आणि आष्टीकडच्या प्लॉटांवर गेल्या. रोपं वर आल्यावर तिथल्या सुपरवायझरला देठांचा रंग वेगळा दिसला. ज्या वाणाच्या थोड्या ओळी हव्या त्याच्या पुष्कळ होत्या आणि ज्याच्या पुष्कळ हव्या त्याच्या थोड्या. नांगर फिरवून पुन्हा पेरावं लागलं. पेरणीचे दिवस हातातून चालले होते, त्यामुळं ऑफिसात सगळ्यांचीच तोंडं उतरली होती.

शेठनी ताईला बोलावून घेतलं. तिच्याबरोबर मीही गेले, कारण एकटी मुलगी कशी जाणार. शेठची तीन पिढ्यांपूर्वीची माणसं मारवाडातून आलेली. माणूस मायाळू, पण थट्टा केल्याशिवाय त्यांना राहवत नसे. ऑफिसात आण्णा होते, नईमभाई होते, गोदामातली माणसं दाराशी उभी होती. सगळ्यांना वाटत होतं की मशीन चुकलं, आणि मशीन म्हणजे ताई. शेठ म्हणाले, "बेटा, देख तो काय घोटाळा झाला. लोक म्हणून राह्यले कॉम्प्युटर फेकून द्या." ताई खुर्चीवर बसली. तिनं प्रोग्राम उघडून वरपासून खालपर्यंत वाचला. मग मादी आधी, नर नंतर असं देऊन एक टॅग काढला. बरोबर निघाला. उलट देऊन एक काढला, तो आष्टीला गेलेल्या टॅगसारखाच निघाला. तिचा चेहरा एकदम सुटला. तपासायला बसलेल्या माणसाला कारण सापडलं की जो आनंद होतो, तो निव्वळ आनंद होता. त्यात दुसरं काही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. ती म्हणाली, "प्रोग्राम बराबर हाय. आण्णांनी नर आधी दिला."

मग शेठ हसले. "आण्णाजी, घरात पण नर आधी, टॅगवर पण नर आधी!" दाराशी उभी असलेली माणसं हसली. हसण्यात मोकळेपणा होता, संकट टळल्यासारखा. आण्णाही हसले. बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच हसले. नईमभाई तेवढे हसले नाहीत, ते टेबलावरचे टॅग गोळा करू लागले. ताईच्या लक्षात आलं ते तेव्हा. ती वळून आण्णांकडं बघायला लागली, पण आण्णा तिच्याकडं बघत नव्हते.

संध्याकाळी घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. ताईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. मी दिला तेव्हा घेतला. जेवताना ताई म्हणाली, "आण्णा, मला तसं म्हणायचं न्हवतं." त्यांनी ताटावरून उठून हात धुतले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. ती मागं गेली तर ते चपला घालून बाहेर पडले. असं दोन-तीनदा झालं. आई मला म्हणाली, "तिला म्हणावं मागं लागू नको. आठ-पंधरा दिवसांत निवळतंय." आईनं असे पुष्कळ अबोले पार केलेले होते आणि तिच्या हिशेबानं हा काही मोठा नव्हता. खरं तर ताईनं एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. नसतं सांगितलं तर लोकांनी तिचं काम खोटं ठरवलं असतं, आणि आण्णांनीच ते ऐकून घेतलं नसतं. पण खरं बोलायलाही जागा बघावी लागते, हे तिला त्या वयात कुणी शिकवलं नव्हतं. मला तरी कुठं माहीत होतं?

आठवड्याभरानं ताई मला म्हणाली, "नंदे, चल माझ्यासंगं." आण्णा प्लॉट बघायला आष्टीला गेले होते तो दिवस तिनं मुद्दाम धरला होता. नईमभाईंनी खुर्ची सोडून दिली आणि आमच्यासाठी चहा सांगायला खाली गेले. ताई टाईप करता करता माझ्याशी, म्हणजे खरं तर स्वतःशीच, बोलत होती. "उलटं देणाराची चूक न्हाई गं. उलटं दिलेलं गुपचूप घेतलं ना, त्याची चूक हाय. मी नुसती जागा बघितली. पयली जागा मादीची, दुसरी नराची. माणसाला जागा ध्यानात राहत न्हाई." तिनं जागेची अट काढून टाकली. आता मादीच्या नावाआधी एक आडवी रेघ आणि एम लिहायचं, नराच्या नावाआधी रेघ आणि एन. मग कुठलंही आधी येवो, नंतर येवो, प्रोग्रामला ज्याचं त्याचं नाव बरोबर कळणार. आणि कुणी काहीच दिलं नाही, अर्धवट दिलं किंवा भलतंच दिलं, तर त्यानं गप्प न राहता थांबायचं आणि कसं सांगायचं ते पडद्यावर दाखवायचं. तिथं तिनं मजकूर लिहिला. इंग्रजी अक्षरांत पण मराठीत, कारण त्या संगणकाला आपली लिपी येत नव्हती. मी तिच्या खांद्यावरून वाचला.

आण्णा, चूक माझी होती.
मादीच्या आधी रेघ आणि एम लिहा, नराच्या आधी रेघ आणि एन.
कुणीही आधी आलं तरी चालेल.
शैला

मी म्हटलं, "हे त्यांना दिसणार कधी?" ती म्हणाली, "चुकले तर." मी म्हटलं, "मंग दर येळेला वरतीच येईल असं का टाकत न्हाईस?" तिनं विचार केला आणि मान हलवली. "दर येळेला आलं तर शेठ वाचतीन, गोदामवाले वाचतीन. पुन्हा हसतीन. चुकतानी माणूस एकटाच असतो." नईमभाई चहा घेऊन आले. तिनं त्यांना नवी पद्धत समजावून सांगितली आणि आण्णांना शिकवा म्हणाली. मोकळा चालवला की काय येतं तेही दाखवलं. त्यांनी ओळी वाचल्या, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बिलकुल शिकवतो. जल्दी शिकतीन ते."

ते शिकलेही. मी नईमभाईंना आडून विचारलं तर म्हणाले, एकदाच सांगावं लागलं. आणि अबोला निवळला नाही. आठ-पंधरा दिवस गेले, दिवाळी गेली. ताईचं लग्न ठरलं, मुलगा अंकुशनगरला साखर कारखान्यात नोकरीला. आण्णांनी लग्नात काही कमी पडू दिलं नाही. हळद, मांडव, जेवणावळ, सगळीकडं स्वतः उभे. फक्त तिच्याशी बोलले नाहीत. पाठवणीच्या वेळी ती त्यांच्या पाया पडली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहिला. मग आईकडं बघून म्हणाले, "तिला म्हणावं, पोचल्यावर कळव." तिच्या सासरी संगणक नव्हता आणि त्याची कुणाला गरजही नव्हती. ताईच्या हाताला तो पुन्हा लागला तो फार उशिरा, मुलाच्या शिक्षणासाठी घरी आणला तेव्हा, आणि तोवर तिची बोटं दुसऱ्या कामांना लागलेली होती. मला या गोष्टीचं जेवढं वाईट वाटतं तेवढं तिला वाटतं की नाही, मी कधी विचारलेलं नाही. आमच्या घरात न विचारायची सवय मला आण्णांकडूनच आली.

पुढची वर्षं अशीच गेली, आणि ती वाईट गेली असंही म्हणता येत नाही. ताई माहेरी यायची तेव्हा आण्णा आदल्या दिवशी पेरू आणून ठेवायचे, कारण तिला आवडायचे, आणि टोपली अशी ठेवायचे की जणू कुणीतरी विसरून गेलं. तिचं पोर मांडीवर घेऊन त्यालाच म्हणायचे, "आईला इचार, खोकला का बरा झाला न्हाई अजून? औषध बदलायला काय झालं?" ताई पोरालाच सांगायची, "आजोबांना सांग, बदललंय." पोर बोलायला शिकलं ते हे निरोप नेता-आणता. जायच्या दिवशी आण्णा घड्याळाला म्हणायचे, "अंबडच्या गाडीची येळ झाली," आणि तिची पिशवी उचलून पुढं चालायला लागायचे. गाडी हलेपर्यंत स्टँडवर उभे राहायचे. बघणाराला वाटावं, काय प्रेमळ बाप आहे. होताच. मला कधी कधी दोघांचा इतका राग यायचा की दोघांची डोकी धरून एकमेकांवर आपटावीत.

दर खेपेला ताई मला एकदा बाजूला घेऊन विचारायची, "आण्णांनी कधी काही चूकबिक केली का गं? टॅगमधी?" ती का विचारते ते मला माहीत होतं. ऑफिसच्या रस्त्यानं जाणं झालं की मी नईमभाईंना विचारायचे. ते छाती पुढं काढून सांगायचे, "एकदाही न्हाई. बिलकुल न्हाई. आण्णांचा हात म्हंजे पक्का हात." मी ते ताईला सांगायचे. ती "बरं" म्हणायची आणि आईला मदत करायला आत जायची. आपला बाप कामात चुकत नाही याचं कुणाला इतकं वाईट वाटलेलं मी दुसरीकडं पाहिलं नाही.

निवृत्तीचं वय झालं तरी शेठनी आण्णांना ठेवून घेतलं होतं. ऑफिसात सगळी मशिनं नवी आली. टॅगलाही नवा प्रोग्राम आणू म्हणाले तेव्हा आण्णांनी पहिल्यांदाच शेठना नाही म्हटलं, आणि त्यांच्या टेबलावर तो जुना डबा तसाच राहिला. एका हंगामाच्या मध्यातच ते गेले. सकाळी सुशीला खाल्ली, टोपी घातली आणि दारातच बसले. ताईला यायला दुपार झाली. ती आली तेव्हा घरात इतका आवाज होता, इतकी माणसं बोलत होती, की आमच्या घरात एवढं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं.

तेरावं झाल्यावर नईमभाई आले. आण्णांचा ऑफिसातला चष्मा आणि पाण्याचा पेला रुमालात बांधून आणला होता. ताईनं त्यांना चहा दिला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग ते म्हणाले, "आता तुमचा प्रोग्राम कोण चालवल? शेठ नवा आणतीन. आण्णांसारखं कायद्यानं कोण करतंय."

"कसला कायदा?" ताईनं विचारलं.

"सकाळी आले की आधी तो मोकळाच चालवायचे ना. नुसतं नाव टाकायचे आन एंटर. मंग तुम्ही लिवलेलं येतंय ते, ते वाचायचे. चष्मा लावून, शेवटपर्यंत. मंग खरं काम सुरू. मी एक दिवस म्हणलं, आण्णा, तुम्हाला तर सगळं याद झालंय, रोज कशाला? तर म्हणाले, लेकरानं लिहून ठेवलंय, वाचाया नको का?"

ताई हातातली बशी घेऊन तशीच उभी राहिली. बोलले ते मीच, आणि माझा आवाज चढला होता. "नईमभाई, मी तुम्हाला किती खेपा इचारलं, आण्णा चुकले का म्हणून?"

"तुम्ही चुकले का इचारल्तं," ते म्हणाले. त्यांना माझ्या रागाचं कारण कळेना. "चुकले न्हाईत की ते. ते तर मुद्दाम करायचे."

नईमभाईंना वाटलं असावं की आपण काही कमी सांगितलं, म्हणून ते जरा अडखळत पुढं म्हणाले, "एक दिवस त्यांनी नुसतं नाव न्हाई टाकलं. नावापुढं काहीतरी टाईप करून राह्यले होते. एकेक अक्षर हुडकून. टॅगचं न्हवतं, लांब होतं. एंटर दाबलं आन मशीननं पुन्हा तेच दाखवलं, चूक माझी होती म्हणून. जरा येळ बघत बसले. मंग सगळं पुसलं आन कामाला लागले."

"काय टाईप केल्तं?" ताईनं विचारलं.

"मी कसं वाचू, शैलाताई? घरचं होतं."

ते गेल्यावर ताई मागच्या दारात पायरीवर बसली. मी तिच्याजवळ बसले. मालगाडीचे डबे जोडल्याचा धाडकन आवाज आला आणि आतल्या कपबशा वाजल्या. ती पडद्याकडं बघून बोलायची तशी समोर बघून बोलायला लागली, पूर्वीसारखी, स्वतःशी. "त्या प्रोग्रामला मी तीनच गोष्टी घ्यायला शिकवल्या. मादी, नर, प्लॉट. चौथं काही आलं तर घेऊ नको म्हणलं. तेच्यात उत्तराला जागाच ठेवली न्हाई मी."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती हिशेब करत होती, मला ते जुन्या दिवसांवरून ओळखू येत होतं.

"कळलं न्हाई ते फेकू नको, जपून ठेव," ती म्हणाली, "एवढंच लिहायचं होतं. एका ओळीचं काम होतं गं, नंदे."